गोधडी मांडीवर

हॉस्पिटलात मी माझ्या मावशीच्या हातातली गोधडी धरून ठेवली.

“सोड! पोरगा गार पडलाय, नि तुमी बघत काय बसलाय?”

नर्स धावत आली. “आजी, मुद्दाम गार ठेवलंय त्याला.”

मावशी माहीमची. तिचा हा नातू जन्मला तेव्हा त्याचा श्वास अडला होता. मेंदूला झालेली इजा वाढू नये म्हणून डॉक्टरांनी त्याला तीन दिवस थंड गादीवर ठेवलंय. आज तिसरा.

“आमी पोरांना शेगडीचा शेक देतो, नि हे बर्फात ठेवतात!” म्हणत मावशीने गोधडी मांडीवर घेतली.

त्याची गार छाती संथ वरखाली होत होती. मी बघतच राहिले. गारवाही जपतो, हे तुम्हाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी लिहितेय: त्याला हळूहळू ऊब दिली. तो रडला. पुढचं तपासण्यांनंतर कळेल. गोधडी आता त्याच्या अंगावर आहे.