स्नोमोबिलला बर्फ लागता कामा नये

गिरीश खांबेट्याच्या गॅरेजमध्ये एक स्नोमोबिल आहे. घरात आल्यापासून तिला आभाळातून पडलेल्या बर्फाचा कणसुद्धा शिवलेला नाही, आणि याचा गिरीशला कोण अभिमान! "एकदम शोरूम कंडिशन," असं तो आल्यागेल्याला सांगतो. पाहुणे त्याच्या बायकोकडे, सुलक्षणाकडे बघतात. सुलक्षणा चिवड्याची बशी पुढे करते.

मँचेस्टरजवळ ओल्डहॅममध्ये चढावरचं हे घर. गिरीश पुण्याचा, आयटीतला. सुलक्षणा हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. स्नोमोबिल आली ती तिच्याच एका वाक्यामुळे. टीव्हीवर बर्फातून सुसाट जाणारी गाडी पाहून ती म्हणाली होती, "एकदा तरी असं बसायला मिळायला हवं." महिन्याभरात गिरीशने स्कॉटलंडहून एक जुनी स्नोमोबिल ट्रेलरवर घालून आणली. "पहिला नीट स्नो पडला की तुला फेरी," असं वचनही दिलं. घरामागच्या उतरत्या कुरणाच्या मालकिणीला केक खाऊ घालून सुलक्षणाने परवानगी मिळवली. नवरा आपलं ऐकतो, असा गोड गैरसमज तिला तेव्हा काही दिवस झाला होता.

पण खांबेटे घराण्याचं ब्रीद तिला ठाऊक असायला हवं होतं: वस्तू वापरली की खराब होते. त्यांच्या रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला चादर आणि चांगल्या चादरीला कपाट. लग्नात तिच्या मामाने दिलेली भलीमोठी स्टीलची परात लॉफ्टमध्ये होती, 'चि. सुलक्षणास मामाकडून' अशी अक्षरं कोरलेली आणि दुकानाचं लेबल अजून चिकटलेली. स्नोमोबिल त्या परातीचीच धाकटी बहीण झाली.

दर शनिवारी गिरीश बॉयलर सूट चढवून गॅरेजमध्ये शिरायचा. सायलेन्सरला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा आकड्याने ओढून काढायचा, आतली काजळी जुन्या टूथब्रशने खरवडायचा, जोडावर धूर कुठून गळतो ते हात फिरवून बघायचा. उंदीर घर करू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात एक बोळा कोंबलेला असे. तो सुलक्षणाच्या आवडत्या ब्लाऊजचा होता. तिचा आवडता ब्लाऊज तेवढा वापरलेला चालतो, हे तेव्हाच तिच्या लक्षात यायला हवं होतं.

खरी गंमत कूलिंगची. या गाडीचं गरम कूलंट सीटखालच्या पत्र्यांमधून फिरतं आणि चाकांऐवजी असलेला धावता पट्टा खालून बर्फ उडवून ते पत्रे गार करतो. म्हणजे बर्फात धावणं हाच तिचा थंडावा. गॅरेजात स्टँडवर चढवून इंजिन चालवलं की ती तापायची, आणि मग गिरीश फ्रीजरमधला बर्फ आणून पत्र्यांना लावायचा. त्यामुळे घरात श्रीखंडाचा कुठलाही डबा उघडला तरी आत बर्फच निघे. गणपतीसाठी करून ठेवलेलं मोदकांचं सारणही एकदा या बर्फापायी बाहेर राहून आंबलं. सुलक्षणाने सगळं गिळलं. आपली एक फेरी बाकी आहे, एवढ्या आशेवर.

आणि या जानेवारीत बर्फ पडला. असा तसा नाही, गुडघाभर. बसेस बंद, क्लिनिक रद्द. सुलक्षणा टोपी, कोट, वेलिंग्टन बूट घालून लहान मुलीसारखी दारात उभी राहिली.

"गिरीश, चल!"

गिरीश खिडकीतून बाहेर बघत होता. त्याचा चेहरा पडला होता.

"कौन्सिलने रोडवर ग्रिट टाकलंय गं. सॉल्ट! सायलेन्सर खाऊन टाकेल ते."

"रोडवर कुठे जायचंय? मागे, फील्डमध्ये."

"खाली दगड असतील. पट्टा फाटला तर?"

"मग घेतलीस कशाला?"

"अगं, एवढी मेंटेन केलीय ना मी!" गिरीश कळवळून म्हणाला.

सुलक्षणाच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं जास्त होतं. ते पाहून गिरीशने तोड काढली. "बरं बाबा, देतो तुला राइड," म्हणाला, आणि गाडी स्टँडवर चढवली. ती मागे बसली. इंजिन खोकलं, मग गरजलं, पट्टा हवेत गरगर फिरू लागला आणि समोरची भिंत होती तिथेच राहिली. धूर कोंडू नये म्हणून दार उघडं ठेवावं तर बर्फ आत येई. गाडीला बर्फ लागू नये म्हणून गिरीशने उंबरठ्यावर टॉवेल अंथरला. मग इंजिन तापलं, तेव्हा तो घाईघाईने स्वयंपाकघरात पळाला आणि श्रीखंडाचा डबा घेऊन आला. बर्फाचा.

सुलक्षणाने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा दाराबाहेर.

"कशी वाटली?" गिरीशने विचारलं.

ती उतरली, जिना चढून वर गेली, लॉफ्टमध्ये खडखडाट झाला. खाली आली तेव्हा तिच्या काखेत मामाची परात होती. शेजारचा डेरेक फावड्याने वाट मोकळी करत होता, तो फावडं टेकून बघत राहिला. सुलक्षणा कुरणाच्या माथ्यावर गेली, परात ठेवली, आत मांडी घालून बसली आणि दोन्ही हातांनी स्वतःला ढकलून दिलं. परात गरकन फिरली, सुटली, थेट खालच्या कुंपणापर्यंत गेली. इतकं मोकळं हसणं त्या घराने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. डेरेकने टाळ्या वाजवल्या.

गॅरेजच्या दारातून, टॉवेलच्या अलीकडून, गिरीश जिवाच्या आकांताने ओरडला, "अगं ए! परातीला पोचा येईल!"

तो केव्हाच आला होता. सुलक्षणाने परात उचलली आणि पुन्हा चढ चढायला लागली.