सारूबाईचा टाक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, चर्चच्या पाळकांना नाही. देवाला? त्याच्यापुढे तर इतकी वर्षं गोड गोड बोलत आले — हे तेवढं गाळून.

तुम्हाला सांगते, मला प्रार्थना छान करता यायची. छान — शी, काय शब्द आहे! पण मलकापुरात तेव्हा सगळे असंच म्हणत. महाराष्ट्र नवा नवा झालेला, मी शाळेत मास्तरीण, आणि आमच्या इनमीन दहा-बारा ख्रिस्ती घरांत माझ्या प्रार्थनेला मान. रविवारी दुपारी बायांची सभा एकेकीच्या घरी भरायची. डोळे मिटून एकीनं मोठ्यानं प्रार्थना करायची, बाकीच्यांनी मधे मधे आमेन म्हणायचं. माझ्या पाळीला बाया मुसमुसत. मी डोळे मिटून बोलत असे, आणि कान त्या मुसमुसण्याकडे. देवाकडे कोण बघत होतं?

आमच्या सभेतली सारूबाई धाड गावाकडची. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनात कामाला जायची. बाप्तिस्मा घेऊन दोनच वर्षं झालेली. एकदा माझ्याकडे तांदूळ निवडता निवडता तिनं सांगितलं, की ट्रंकेत लुगड्याच्या घडीत तिच्या आईचा चांदीचा टाक आहे, देव्हाऱ्यातला, देवीचा. पूजा ती करत नव्हती. आईनं रोज घासून घासून देवीचं तोंड पुसलं गेलं होतं, आणि त्या गुळगुळीत जागेवर अंगठा फिरवला की तिला आई जवळ वाटायची. एवढं सुटत नाही, माझ्यासाठी प्रार्थना करा, म्हणाली. पण घरी करा, एकटीनं. मी हो म्हणाले. केली का? एकदाही नाही.

मग एका रविवारी — आता सांगायलाच हवं — पाळकांची नवी सून सभेला आली. तिनं माझ्याआधी प्रार्थना केली. साधीच, चार वाक्यं, तीही अडखळत. आणि बाया रडल्या. माझी पाळी आली तेव्हा खोली गप्प. मी वधस्तंभ आणला, काटेरी मुकुट आणला, आवाज कापरा केला. एक आमेन येईना.  आणि मग माझ्या तोंडून निघालं — निघालं कसलं, मी काढलं — की हे प्रभू, इथं बसलेल्या एका बहिणीच्या ट्रंकेत आईचा जुना टाक लपवलेला आहे, तिला त्यातून सोडव.

काय आमेन आला हो! मला गोड लागला. खोटं कशाला बोलू, आठवताना आत्ताही जरासा लागतो. स्वतःची शिसारी येते ती त्याचीच.

सारूबाई उठली. पलीकडच्याच गल्लीत तिचं घर. टाक घेऊन आली आणि सगळ्यांसमोर सतरंजीवर ठेवला. तो त्याच संध्याकाळी नदीत गेला. बाया मला विचारू लागल्या, तुम्हाला कसं कळलं? मी मान खाली घालून म्हणाले, प्रभूनं दाखवलं. चुगली माझी, नाव त्याचं. त्यानंतर पार बुलढाण्याहून लोक माझ्याकडे प्रार्थनेसाठी येऊ लागले.

खरं एकट्या सारूबाईला ठाऊक होतं. एका शब्दात तिला मला उघडं पाडता आलं असतं. तिनं पाडलं नाही. चार दिवसांनी नळावर भेटली. तिनं घागर नळाखाली लावली. अंगठा नुसता बोटावर फिरवत होती. मग हळूच म्हणाली, "बाई, देवाले तं माईतच होतं. मंग मोठ्यानं काऊन सांगतलं?"

मी माझी बादली नळाखाली सरकवली. 

तिनं तर टाक सोडला. मी काय सोडलं? पुढच्या रविवारी सभा माझ्याच घरी होती. सारूबाई आली, दाराशी बसली. मी डोळे मिटले आणि आमच्या एका बहिणीला बंधनातून मोकळं केल्याबद्दल प्रभूचे आभार मानले. सावकाश, गळा दाटून आल्यासारखा करून. सगळ्या आमेन म्हणाल्या. सारूबाईपण म्हणाली.