बाळंतिणीची तहान

शुक्रवार पेठेत आमच्या आत्याला विचारल्याशिवाय कुणी पापडाचं पीठसुद्धा भिजवत नसे. ‘तुमच्यापरीस चार पावसाळे जास्त बघितलेत मी,’ असं ती ऊठसूट म्हणायची. सोलापुरात पाऊस पडतो तरी किती! पण त्या कोरड्या पावसाळ्यांच्या जोरावर तिने अख्खी गल्ली मुठीत ठेवली होती.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले ती नेमकी वैशाखात. आत्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं, तरी बाळंतिणीबद्दल तिला ठाऊक नाही असं काही नव्हतं. मला मुलगी झाली त्याच दिवशी तिने फर्मान काढलं, ‘हिला पाण्याचा थेंब द्यायचा न्हाई. पाणी प्यालं की पोट सुटतं, अंगात वारं शिरतं.’ तहान लागली तर वाटीभर सुंठीचा काढा. खोलीची खिडकी बंद, उंबऱ्याशी ओव्याची धुरी आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. बाहेर ऊन मी म्हणत होतं. असल्या खोलीत कोंबडीसुद्धा अंड्यावर बसली नसती. माझी जीभ टाळूला चिकटायची. दूध आटत चाललं, पोर छातीशी रडून रडून उपाशीच झोपायची. आईकडे पाणी मागितलं की ती आत्याकडे बघायची आणि पदर सावरत बाहेर जायची.

शेवटी मी न्हाणीत वाट काढली. अंघोळीला कडुलिंबाचा पाला घालून उकळलेलं पाणी असायचं. सुईण आणखी पाणी आणायला चुलीकडे वळली की मी ओंजळीने तेच पिऊन घ्यायचे. कडूजहर, वर अंगाच्या तेलाचा तवंग. म्हशीनेही तोंड फिरवलं असतं. पण दूध आलं, आणि पोर बाळसं धरू लागली.

बारशाला आत्या बायकांच्या मधोमध मांडी ठोकून बसली. ‘बघा, पोरगी कशी गुटगुटीत हाय! आईला थेंब दिला न्हाई मी. म्हाताऱ्यांचं ऐकावं, बायांनो.’ आणि त्या नंदीबैलासारख्या माना डोलावत होत्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तडक स्वयंपाकघरात गेले आणि न्हाणीतली सगळी हकीकत आईला सांगून टाकली.

आई द्रोणांत घुगऱ्या भरत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘लई कडू लागतं, न्हाई? नाक दाबून प्यायचं, मग जातं खाली.’

‘तुला कसं ठावं?’

‘मीबी प्यालेय की. तुझ्या येळंला, तुझ्या भावाच्या येळंला.’

‘मग मला पाणी का न्हाई दिलंस?’

‘मला तरी कुणी दिलं हुतं?’ असं म्हणून तिने एक द्रोण माझ्या हातात ठेवला आणि आत्याला नेऊन द्यायला सांगितलं.

आत्याला निदान काही कळत नव्हतं. आईला सगळं कळत होतं, आणि ते मला अजून पचलेलं नाही.