दोन फायलींना दोन कुलपं

माझी ताई पूर्णगडला राहते, मी रत्नागिरीत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिची सगळी नोकरी झाली. नोकरीत असल्यापासूनच ती रोज सकाळी खाडीच्या तोंडाशी पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजायची. कुणी सांगितलं नव्हतं. घर धक्क्याला लागूनच. मोजून यायचं आणि आठला नोंद करायची. आठ म्हणजे आठ. प्रयोगशाळेच्या घड्याळाखाली जन्म गेलेली बाई, तिला आठ वाजून दोन मिनिटं ही वेळच ठाऊक नव्हती.

मी घरून प्रोग्रॅमिंग करतो. शास्त्रीय मोजमापं साठवणारी एक जुनी, भक्कम लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, आहे. तिच्याशी थेट काम करणं किचकट, म्हणून मी तिच्यावर एक सोपं वेष्टन लिहिलं. त्याला आम्ही रॅपर म्हणतो. ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं, परदेशातले लोकही वापरू लागले, आणि मला त्याचा गर्व चढला.

ताईच्या वह्यांना पावसाळ्यात बुरशी यायची. मी म्हटलं, "कॉम्प्युटरवर घे सगळं. वह्या कशाला सांभाळतेस?" तिने दोन महिने बसून नऊ वर्षांच्या नोंदी टाइप केल्या आणि वह्या पाणी तापवायच्या बंबात घातल्या. माझ्या शब्दावर.

धक्क्यावर मी एक सेन्सरही बसवून दिला. तो दर तासाला आपोआप एका फायलीत आकडे लिहायचा, ताईचे आकडे दुसऱ्या फायलीत जायचे. एकाच प्रोग्रॅममध्ये अशी समांतर चालणारी कामं म्हणजे थ्रेड. ते एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत म्हणून मी प्रत्येक फायलीला तिचं तिचं कुलूप ठेवलं होतं, एकाचं लिहून होईतो दुसऱ्याला थांबवणारं. फायली दोन, कुलपं दोन, मला पुरेसं वाटलं. पण खालची जुनी लायब्ररी सगळ्या फायलींची माहिती पोटात एकाच तक्त्यात ठेवते. दोघांनी एकाच क्षणी लिहिलं तर तो तक्ता विस्कटतो, मग फायली कितीही वेगळ्या असोत. सगळ्यांना मिळून एकच कुलूप हवं होतं.

एका परदेशी माणसाने मला हे कळवलं होतं, उदाहरणासकट. मी ते एकदा चालवून पाहिलं, काही झालं नाही. 'माझ्याकडे असं होत नाही' असं लिहून मी तक्रार बंद केली. खरं सांगायचं तर एकच कुलूप लावलं की वेग कमी होतो, आणि माझी वाहवा वेगाबद्दल होती.

सेन्सर आठच्या ठोक्याला लिहायचा. ताईही आठच्या ठोक्याला बटण दाबायची. दुसरं कुणी पाच मिनिटं इकडेतिकडे झालं असतं.

एके दिवशी तिचा फोन आला. "अरे, माझी फाइल उघडतच नाही."

"काय दाबलंस?" मी पहिलं हेच विचारलं.

"काही नाही. म्हणजे, दाबलं असेन काहीतरी. आठवत नाही." मग म्हणाली, "आईचं असंच सुरू झालं होतं ना रे?"

आई शेवटी आम्हा दोघांनाही ओळखत नव्हती.

जादाची प्रत रोज आपोआप आदल्या दिवशीच्या प्रतीच्या जागी निघायची, पण आता तीही बिघडलेल्या फायलीचीच निघाली होती. तीही व्यवस्था माझीच. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती जुनी तक्रार उघडली आणि ते उदाहरण पुन्हा पुन्हा चालवत राहिलो. कितव्या तरी खेपेला फाइल फुटली. मी एकच कुलूप लावलं, बदलाच्या नोंदीत 'किरकोळ सुधारणा' असं लिहिलं आणि ताईला फोन केला. सांगणारच होतो. तोंडातून आलं, "होतं गो असं. वय झालं आता."

तिने मोजणं सोडलं. स्कूटर देऊन टाकली. गॅसपाशी चिठ्ठी लागली: बंद केला का? मी जायचो, चिठ्ठी बघायचो, चहा पिऊन परत यायचो. अशी चार वर्षं.

यंदा मे महिन्यात गेलो तेव्हा ती अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. हातातलं काम न थांबवता म्हणाली, "म्हाताऱ्यांना ठेवून घेतात अशी एखादी बरी जागा बघून ठेव. तुझ्या बायकोच्या गळ्यात नको मी."

तेव्हा मी सगळं सांगितलं. कुलपं, तक्रार, किरकोळ सुधारणा. तिला प्रोग्रॅममधलं फारसं कळत नाही, पण मुद्दा लगेच कळला.

"म्हणजे मी काही केलं नव्हतं?"

"नाही."

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

ती सोलं उलटत राहिली. एक ओळ संपली, दुसरी संपली.

"चार वर्षं, मेल्या," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "चार वर्षं सकाळी डोळे उघडले की आधी स्वतःचं नाव आठवून बघते मी. मग बाकीच्यांची. तुझं दुसरं असतं."

बोलण्यासारखं होतं तेव्हा मी बोललो नव्हतो.

"जा आता," ती म्हणाली. "एसटी चुकेल."

एसटीला दीड तास होता. मी उठलो आणि निघालो.