कुंभारीच्या पावसातले तांबे

प्रा. मल्लिनाथ म्हेत्रे सरांची आणि माझी पहिली भेट एका अंगठीवरून झाली. सोलापुरात रसायनशास्त्राचा निदर्शक म्हणून मी रुजू झालो, त्या सकाळी सरांनी माझ्या हाताकडे पाहून विचारले, "अंगठी कशाची?"

"तांब्याची. पित्तासाठी आईने दिली आहे."

"मग पित्त घेऊन या, अंगठी घरी ठेवा."

सर तेव्हा पावसाच्या पाण्यातले लेशमात्र धातू शोधत होते. त्यासाठी त्यांनी निवडले सोलापूर, आणि तेही दुष्काळाच्या वर्षांत. सहकारी हसत. सर शांतपणे सांगत, "कमी पडतो, म्हणून नीट मोजता येतो."

शहराबाहेर कुंभारी गावात गंगूबाई नावाच्या शेतकरीण बाईंच्या शेतात पावसाचे पाणी धरायला आमची उघडी बरणी असे. आम्ही सायकलींवर जाऊन पाणी आणायचो. त्यात तांबे विलक्षण निघू लागले. शहरातल्या एका रंगखान्याच्या धुराचा हा परिणाम, असा सरांनी निबंध लिहिला. पुण्याच्या परिषदेत तो वाचायचा होता. रंगखान्याच्या मालकांना हे कळले आणि त्यांची जेवणावरची वासना उडाली.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचा नमुना आणायला गेलो. एरवी बरणीत पाणी दिसले की गावात शिडकावा झाला असेल असे आम्ही धरून चालत असू. त्या दिवशी मात्र वाटेवर फुफाटा होता आणि बरणी काठोकाठ भरलेली. सरांनी आधी बरणीकडे, मग आभाळाकडे पाहिले. गंगूबाईंना विचारले.

"व्हय, दर बारीला मीच वतते की. तुमी एवढ्या लांबनं येताय आन् भांडं कोरडं. बरं दिसत न्हाय."

"कशातून ओतलंत?"

"तांब्याच्या घागरीतनं. चिंच लावून लख्ख घासलीया."

सर बांधावर बसले. मग पोट धरून हसले आणि बाईंनी दिलेले ताक पिऊन उठले. रागाचा एक शब्द नाही. संध्याकाळी ते स्वतः रंगखान्यात गेले आणि मालकांची क्षमा मागून आले. परिषदेत निबंधाऐवजी त्यांनी घागरीचीच हकिगत सांगितली. सभागृह हसले. अध्यक्ष मात्र उठून सरांच्या खुर्चीपाशी आले आणि त्यांनी हात जोडले. त्यानंतर सरांच्या आकड्यांवर कोणी शंका घेतल्याचे मला आठवत नाही.

आज सर साठ वर्षांचे होत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. नमुन्यांसाठी ते अजून महाविद्यालयाच्या पत्र्यावर चढतात. तेवढे चढणे मात्र त्यांनी आता आमच्याकडे सोपवावे, ही आम्हा सर्वांची, आणि विशेषतः वहिनींची, नम्र विनंती.