शहाजादीची शेड

शहाजादी सुताराची लेक. लग्न होऊन परभणीहून भोसरीत आली तेव्हा नवरा कादर गॅरेजमध्ये राबायचा. महाळुंग्याच्या कंपन्यांबाहेर मोडक्या लाकडी पॅलेटचे ढीग पडलेले तिने पाहिले. ज्यांवर माल रचून फोर्कलिफ्ट उचलते, तीच ही पॅलेटं. ती दुरुस्त करून विकता येतील, असं तिच्या मनानं घेतलं.

"कर. पण गॅरेज सोडून मी यायचा नाही," कादर म्हणाला.

शेड मिळेना. "बाई मध्येच सोडून गेली म्हणजे? कागद पुरुषाच्या नावानं करा," जो तो हेच म्हणे. शेवटी तिने धाकट्या भावाला, मुबीनला, गावाहून बोलावून घेतलं. भाडेकरार, वीज, जीएसटी सगळं त्याच्या नावावर झालं. लाकूड शहाजादी निवडायची, मापं तीच काढायची. कंपनीचा माणूस आला की प्रश्न मुबीनला विचारायचा; मुबीन तिच्याकडे बघायचा, ती उत्तर द्यायची, आणि पाहुणा मान हलवायचा ती मुबीनकडे बघून.

धंदा चालला. मुबीन एकटाच कंपन्यांत जाऊ लागला. एके दिवशी चहा पिता पिता म्हणाला, "आपा, आता तू घरी आराम कर. शेडमध्ये बाई दिसली की लोकांना धंदा किरकोळ वाटतो."

"धंदा कुणाचा रे?"

"कागदावर तर माझाच आहे ना."

तो चिडून बोलला असता तरी तिला परवडलं असतं. तो अगदी साधेपणानं बोलला होता. भावाला कोर्टात खेचायचं तिच्या मनाला पटेना. शेड त्याच्याकडे सोडून ती दुसरी जागा शोधू लागली.

मग निघोज्यात गिरजाबाई नावाच्या म्हातारीचा रिकामा गोठा असल्याचं तिच्या कानावर आलं.

"भाडं कोन देनार?" म्हातारीनं विचारलं.

"मी."

"मंग कागद तुझ्याच नावाचा व्हईल. दुसऱ्याचा काय संबंध?"

विजेच्या कचेरीत मात्र कारकुनानं नवऱ्याला आणायला सांगितलं. कादर तिच्याबरोबर गेला. सहीसाठी कागद पुढे आला, तसा त्यानं तो बायकोकडे सरकवला. "कारखाना हिचा आहे, साहेब. मी गॅरेजवाला." लग्नानंतर इतक्या वर्षांत चारचौघांत त्याच्या तोंडून असं पहिल्यांदाच निघालं. शहाजादीनं खाली मान घालून सही केली.

जुनी गिऱ्हाईकं बहुतेक मुबीनकडेच राहिली. विजयश्री नावाची एका कंपनीचं स्टोअर सांभाळणारी बाई तेवढी तिला शोधत निघोज्यात आली आणि काम देऊन गेली. त्यावर गोठ्यातली नवी शेड तगली. बँकेनं कर्ज नाकारलं, म्हणून मोठ्या ऑर्डरी अजून घेता येत नाहीत. हाताखाली चार बायका आहेत. त्यातली एक आता करवतीचं यंत्र चालवायला शिकली आहे.

ईदला मुबीन येतो. ती त्याला शीरखुर्मा वाढते, पोराबाळांची चौकशी करते. लाकडाचा विषय दोघंही काढत नाहीत.