देवळाची कडी कोणी काढली?

माझ्या बायकोच्या मामांइतका भांडखोर आणि तितकाच प्रेमळ माणूस जुन्नर-आंबेगावात दुसरा नाही, आणि असलाच तर मामांनी त्याच्याशीही एव्हाना वाद घातलेला असणार. विषय कायम एकच. राजुरीच्या टेकडीवरच्या देवळाला कधीकाळी लढाईत वेढा पडला, तेव्हा दारावर मामांचे पूर्वज होते. राजुरीकर सांगतात, दार शेवटपर्यंत उघडलं नाही, शत्रूच कंटाळून गेला. शेजारच्या पिंपरी पेंढारचे लोक सांगतात, त्या पूर्वजांनीच आतून कडी काढली. घराण्यावरचा हा डाग पुसायचा, एवढ्यासाठी मामा जगतात.

अवसरीच्या एका लग्नात त्यांनी मला भर पंगतीत पत्रावळीवर सगळा वेढा मांडून दाखवला. "ह्यो भात म्हंजी टेकडी. ह्ये लाडू शत्रूची छावणी. आता सांगा पावणं, खालनं वर चढायला वाट हाय का?" मी तोंड उघडायच्या आत छावणी त्यांच्या पोटात गेली होती, आणि वाढप्याला हाक मारून त्यांनी शत्रूची नवी कुमक मागवली. टीव्हीवर कुठल्याही देशातलं युद्ध लागलं तरी ते पुढे सरकून विचारतात, "दारावर कोण हाय?"

त्यांचे कट्टर विरोधक म्हणजे पिंपरीचे मेंढरं राखणारे आबा. दोघं एकमेकांशिवाय चहा पीत नाहीत. यात्रेत पालखी परतली की देवळाचं दार आतून लावायचं आणि बाहेरून हाक आली की कडी काढायची, हा मान मामांच्या घराचा. कडी वाजली की आबा दरवर्षी गर्दीतून ओरडतात, "बघा राव, सवयच हाय घराण्याला!"

यंदा मामा इरेला पेटले. यात्रेच्या आधीच भाकरी-ठेचा बांधून ते देवळात शिरले आणि त्यांनी आतून कडी लावली. "दोन दिस दार उघडणार न्हाई! आत टाक्यात पाणी हाय. माणूस कसा तग धरतो ते दावतोच!" आबांनी बाहेर पायरीवर बैठक मारली. "तू दार उघडंस्तवर मी पाण्याचा थेंब घेणार न्हाई." बघता बघता दोन्ही गावं टेकडीवर लोटली. आरोळ्या, शिट्ट्या, मोबाइलवर शूटिंग. मीसुद्धा वय विसरून नाचत होतो. ऊन चढलं. आबा आधी शिव्या देत होते, मग नुसतेच खोकू लागले. आम्ही पाणी पुढे केलं, त्यांनी हात आडवा केला.

आतून मामांचा आवाज आला, "आबा, पाणी पी."

"तू दार उघड."

"न्हाई."

पुन्हा खोकला, या वेळी लांबलेला. आणि कडी वाजली.

मामा टाक्यातल्या पाण्याने भरलेला तांब्या घेऊन बाहेर आले. पिंपरीकरांनी एकच जल्लोष केला, पण मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते आबांशेजारी टेकले, उघड्या दाराकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "आबा, तवाबी भाईर कुणीतरी तहानलेलं असंल रं."

निम्मा तांब्या पिऊन आबांनी तो मामांपुढे धरला. मामा एका दमात उरलेलं सगळं प्यायले, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. बाहेर आबा कोरडे बसलेत म्हणून मामांनीही आत पाण्याला हात लावला नव्हता.